दोन्ही एका जागी न्हाई

आमच्या पतसंस्थेतले खिल्लारे भाऊ बायकोसोबत कधी एका गाडीत बसले नाहीत. गावाला जायचं तर सुमनवहिनी पुढच्या जीपमध्ये, भाऊ पोरीला घेऊन मागच्या जीपमध्ये. भांडण? छे! जवळा बाजारात या दोघांइतका गोडीचा संसार मी पाहिला नाही.

"दोन्ही एका जागी ठेवायचं न्हाई, ताई," भाऊ सांगायचे. "एका जागी ठेवलं की एकदम जातंय. लेकराला आमच्यातलं एक तर उरलं पाहिजे."

हा किडा कॉम्प्युटरमधून डोक्यात शिरलेला. खातेदारांची सगळी माहिती त्यांच्या ताब्यात. दर बाजाराच्या दिवशी ते तिचा बॅकअप हार्ड डिस्कवर घेत, डिस्क मफलरात गुंडाळत आणि बसनं हट्ट्याच्या शाखेत नेऊन ठेवत. इथं आग लागो की पाणी शिरो, तिथली कॉपी शाबूत! बरं, नुसती ठेवून समाधान नाही. तिथल्या कॉम्प्युटरवर ती उघडून पाहायची. "उघडून पाहिल्याबिगर त्याला बॅकअप म्हणू न्हाई," असा दम मलाही मिळालेला.

सुमनवहिनी हसून म्हणायच्या, "डिस्क मांडीवर घेऊन बसतेत, अन् मला पुढं धाडतेत!"

एकदा जमीन हादरली. आमच्याकडं ती अधूनमधून गुरगुरतेच. आम्ही चपला टाकून रस्त्यावर पळालो. भाऊ सगळ्यांत शेवटी आले, काखेत हट्ट्याला न्यायची डिस्क. पण धक्का हट्ट्यालाही बसल्याचं कळलं आणि त्यांचा चेहरा पार उतरला. डिस्कचा मुक्काम लगेच पुसेगावच्या शाखेत हलला.

मॅनेजर वैतागले. "अहो, उद्या पुसेगाव हाललं तर दिल्लीला नेणार का?"

भाऊ गंभीरपणे म्हणाले, "थेट बस न्हाई ना, साहेब."

मागच्या वर्षी वहिनींच्या भाच्याचं लग्न होतं. वहिनी पुढच्या जीपमध्ये होत्या. ती वळणावर उलटली. भाऊंची जीप मागून पोचली, तोवर सगळं संपलं होतं.

महिन्याभरानं ते कामावर आले. डिस्क मफलरात गुंडाळता गुंडाळता थांबले. "नियम बराबर निघाला, ताई. लेकराला बाप उरला. पर ती एकटीच गेली हो. हात धरायला मी न्हवतो." मला रडू आवरेना.

यंदा पोरीला, प्रज्ञाला, नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला. मी स्टँडवर निरोप द्यायला गेले. भाऊंनी तिचं सामान चढवलं, तिला जागा धरून दिली आणि खाली उतरून उभे राहिले.

प्रज्ञा दारात आली. "पप्पा, काहून उतरले? चला ना."

"तू हो पुढं. मी मागच्या बसनं येऊन राहिलो."

"आईलाबी असंच म्हणले होते तुमी."

कंडक्टर ओरडू लागला. प्रज्ञा दार सोडेना. शेवटी भाऊंनी काखेतली पिशवी माझ्या हातात कोंबली. आत मफलर होता.

"डिस्क तुमी सांभाळा, ताई. सगळं एका गाडीत नको," म्हणाले आणि चढले.

बस सुटली. खिडकीतून दिसलं, भाऊंनी पोरीचा हात दोन्ही हातांनी धरला होता.