आमची हरकत नाही

वकिलाला त्या दिवशी केस हरायची भीती नव्हती. केस चालेल याची भीती होती.

कंपनीच्या निवृत्त कामगारांनी पेन्शनसाठी दावा लावला होता आणि कंपनीच्या या वकिलाने तो वर्षानुवर्षं नुसता पुढे ढकलला होता. कधी कागद यायचे असायचे, कधी साक्षीदार आजारी, कधी स्वतःच्याच कंबरेत उसण. तारीख घ्यायची आणि बिल लावायचं, एवढीच त्याची वकिली. तेवढ्यावर घर चाललं होतं आणि समोरच्या बाकावरचे म्हातारे एकेक करून कमी होत होते. म्हणून तो तिकडे बघायचाच नाही.

आता मालकाने कंपनी विकायला काढली. घेणाऱ्याला असलं झेंगट गळ्यात नको होतं. कंपनीच्या अधिकाऱ्याने वकिलाला बजावलं, आज युक्तिवाद करून मोकळे व्हा, नाहीतर आम्ही दुसरा वकील बघतो. आणि विक्रीबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

सकाळी चहा घेताना त्याने बायकोला सगळा युक्तिवाद म्हणून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"देऊन टाका ना त्यांचं त्यांना," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

कोर्टात पुकारा झाला. म्हाताऱ्यांचा वकील आधी उठला. घसा बसलाय, पुढची तारीख मिळावी, असं कसंबसं घोगरं बोलला.

"आमची हरकत नाही," कंपनीचा वकील म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला कळलं की हे आपणच बोललो. इतक्या वर्षांत तोंडाने डोक्याला विचारायचंच सोडून दिलं होतं. मागून अधिकाऱ्याचा खोकला ऐकू आला.

"म्हणजे, हरकत आहे. आजच चालवू या."

जजनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही? चालवू या म्हणताय?"

एवढी घाई कसली, त्यांनी विचारलं. याला दुसरं काही सुचेना. म्हाताऱ्यांचे हाल बघवत नाहीत, असं सांगून बसला. ते ऐकून समोरच्या वकिलाचा बसलेला घसा एका क्षणात सुटला. कंपनी विकणार अशी कुजबुज आहे, खरं का ते यांना विचारा, तो खणखणीत आवाजात म्हणाला.

जजनी विचारलं. खोटं बोलायची सोय नव्हती आणि खरं बोलायला मनाई होती. वकील घाम पुसत असा काही गप्प उभा राहिला, की जजना दुसरा पुरावा लागलाच नाही. पेन्शनची सगळी रक्कम आधी कोर्टात जमा करा, मग काय विकायचं ते विका, असा हुकूम झाला.

बाहेर वकील भिंतीला टेकून उभा राहिला. आता काम कोण देणार, घरी काय सांगणार, काही कळत नव्हतं. तेवढ्यात म्हाताऱ्यांनी त्याला घेरलं. त्याला आजवर फक्त शिव्या घालणारे एक आजोबा पुढे आले, त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

"माफ करा हो साहेब. तुम्ही आतून आमचेच आहात, हे इतकी वर्षं आम्हाला कळलंच नाही."

मागे अधिकारी उभा होता.

"आम्हालाही आत्ताच कळलं," तो म्हणाला.