बोरिवलीत डेन्मार्कची थंडी

परबकाकांनी मला त्यांच्या घरात खोली दिली, ती माझ्या गावाकडे कडाक्याची थंडी पडते म्हणून.

मी निफाडजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बोरिवलीत नोकरी लागली तेव्हा खोलीसाठी वणवण फिरत होतो. लोक विचारायचे, लग्न झालंय का, मच्छी-मटण खाता का, मित्रमंडळी येतात का. परबकाकांनी यातलं काही विचारलं नाही. गावाचं नाव ऐकून ते खुर्चीतच पुढे सरकले.

"निफाड म्हणजे सकाळी दव गोठतं तेच ना रे? शाळेत कसा जायचास?"

"सायकलनं."

"हिवाळ्यात पण? मग हातांचं काय करायचास?"

"काखेत धरायचो. आळीपाळीनं. एक हात काखेत, एक हँडलवर."

काकांनी उठून आतल्या खोलीचं दार उघडलं. "ही निलेशची खोली. सामान घेऊन ये."

माझ्या गावच्या थंडीचा मला आयुष्यात झालेला हा पहिला फायदा.

निलेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. बायको आणि लहान मुलीसह डेन्मार्कला राहतो. काकी गेल्या तेव्हा तो येऊन दिवसकार्य आटपून परत गेला. जाताना काका त्याला म्हणाले, "मी पण येतो रे तुमच्याकडे, थोडे दिवस." त्यावर तो म्हणाला, "बाबा, तिथं सगळे सायकलनं फिरतात. बर्फातसुद्धा. तुम्हाला तिथली थंडी झेपायची नाही."

दुसरा एखादा बाप मनातून खचला असता. परबकाकांनी याला अभ्यासक्रम मानलं. थंडीत सायकल चालवायला शिकायचं, आणि शिकलो की मुलगा बोलावणार. मलाही ते पटलं. अभ्यास केला की माणूस पास होतो, एवढ्या एका गोष्टीवर मी खेड्यातून मुंबईपर्यंत आलो होतो.

काका पंख्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. "जन्मभर लोकांना गार केलं," ते म्हणायचे, "आता स्वतः गरम राहायला शिकतोय."

हिवाळ्यातल्या सकाळी त्यांचं कपडे घालणं बघण्यासारखं असायचं. आधी बनियन. त्यावर वर्तमानपत्राचं पान छातीशी, एक पाठीशी. तेही इंग्रजीच. "मराठी पेपर पातळ. इंग्रजीत जाहिराती भरपूर, पानं जाड. बातमीनं ऊब येत नाही, जाहिरातीनं येते." त्यावर फुल बाह्यांचा शर्ट, काकींनी विणलेला स्वेटर, त्यावर जर्किन. पायात मोजे, त्यावर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, त्यावर पुन्हा मोजे. नाकाला व्हॅसलिन, डोक्याला माकडटोपी, डोळ्यांना निलेशचा शाळेतला पोहण्याचा चष्मा. एकेक थर चढला की स्वतःलाच बजावायचे, "वारो आत शिराक नको!" एरवी मुंबईचं मराठी बोलणारे काका थंडीशी मात्र मालवणीत बोलायचे.

असे कुरकुर वाजत ते जिना उतरायचे. वॉचमन रोज विचारायचा, "अंकल, बर्फ गिरा क्या?"

"गिरेगा, गिरेगा," काका टोपीतून म्हणायचे.

मग आम्ही नॅशनल पार्कात. ते निलेशच्या जुन्या गिअरच्या सायकलवर, मी मागे भाड्याच्या. पार्कात झाडांमुळे पहाटे बऱ्यापैकी गारवा असतो. पण मी निफाडचा, मला एक साधा शर्ट पुरायचा. हाफ पँटमधली पोरं आम्हाला मागे टाकताना ओरडायची, "काका, एव्हरेस्ट तिकडे राहिला!" काकांचा चष्मा वाफेनं भरलेला असायचा. ते आवाजाच्या दिशेनं हात हलवायचे.

मी त्यांना एकदा सांगून बसलो की शाळेत जाताना आई फडक्यात बांधलेली गरम भाकर माझ्या स्वेटरच्या आत, पोटाशी ठेवायची. वाटेत ऊब मिळायची आणि मधल्या सुट्टीत जेवण व्हायचं. दुसऱ्या दिवशीपासून त्यांच्या पोटाशी गरम आंबोळी आली. फडकं पातळ असल्यामुळे ती वर्तमानपत्राला चिकटायची. पार्कातल्या बाकावर बसून आम्ही खायचो, तेव्हा तिच्यावर शेअर बाजार उमटलेला असायचा.

"तुझी आई हुशार," ते दर वेळी म्हणायचे. माझ्या न शिकलेल्या आईला मुंबईत हे म्हणणारा दुसरा माणूस मला अजून भेटला नाही.

पण बोरिवलीच्या थंडीवर काकांचा भरवसा नव्हता. "ही बालवाडीची थंडी," ते म्हणायचे. म्हणून घरातच वरचे वर्ग सुरू झाले. हॉलमध्ये सायकल स्टँडवर लावायची, पुढे बर्फाची बादली, बादलीमागे त्यांच्याच कारखान्याचा टेबल फॅन. सगळे थर चढवून काका जागच्या जागी पायडल मारायचे आणि मी रेग्युलेटरपाशी.

"दोनवर कर. हां, हे ऑफिसला जाणं झालं. आता तीन कर. समुद्रावरून वारा सुटला."

"काका, घामाघूम झालायत."

"घाम बाहेरून दिसतो मेल्या, थंडी आतून असते. तीन कर!"

सगळ्यात कठीण पेपर होता हातांचा. नाक्यावरच्या शिंप्याकडून त्यांनी रेक्झिनचे हातमोजे शिवून घेतले होते, आतून घोंगडीचं अस्तर लावलेले. एकेक बोट केळ्याएवढं. ते तपासायला रविवारी मासळी बाजारात हिराबाईची पाटी गाठायची. हिराबाई कोळीण, तिच्याकडून काका वर्षानुवर्षं बांगडे घेत आलेले. हातमोजा घालून ते तिच्या बर्फात मनगटापर्यंत हात खुपसून उभे राहायचे.

"ए दादा, मासे मेलेत म्हणून बर्फात हाईत. तुला काय झालंय?"

"जरा थांब गं. बोटं अजून गरम आहेत. झकास मोजा झालाय."

"गिऱ्हाईक इचारतंय, हा हात कसा किलो दिला!"

जानेवारीतल्या त्या रविवारी काकांचा हात असा बर्फातच होता आणि फोन वाजला. निलेशचा व्हिडिओ कॉल नेहमी जेवणानंतर यायचा, त्या दिवशी लवकर आला. मी फोन त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर निलेश पातळ टी-शर्टमध्ये बसला होता.

"बघ, बघ निलेश! अख्खा हात बर्फात आहे. काही होत नाही!"

"बाबा, हे काय चाललंय? लोक बघतायत. काढा हात."

"अरे, वारा पण केला. फॅन तीनवर! हा पोरगा साक्षीला आहे, निफाडचा आहे तो. आता तूच परीक्षा घे. मी तयार आहे."

निलेश हसला. "बाबा, इथली थंडी वेगळी असते हो. तिथं बसून नाही कळायचं."

काका मान हलवत होते. तेवढ्यात हिराबाई कोयता तसाच ठेवून फोनपुढे वाकली.

"ए बाला, तुझ्या तिकडं उन्हाळा नाय येत काय?"

"काय?"

"उन्हाळा रं, उन्हाळा. थंडीत झेपत नाय तर उन्हाळ्यात ने बापाला. का बारा महिने बर्फच हाय?"

निलेशचा चेहरा पडद्यावर तसाच थांबला. मला वाटलं, नेटवर्क गेलं. पण त्याच्या मागे त्याची मुलगी हातात ब्रेड घेऊन इकडून तिकडे चालत होती.

मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता तारीख ठरणार.

काका एकदम मोठ्यानं हसले. "अगं हिराबाई, उन्हाळ्यात मी कसा जाणार? उन्हाळ्यात मी गावी असतो! माझे आंबे कोण उतरवणार?"

"हो ना," निलेश चटकन म्हणाला. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला त्या एवढ्याशा पडद्यावरही दिसलं. "उन्हाळ्यात बाबांचे आंबे असतात."

"तेच तर. आंबे टाकून कसं येणार? आणि खरं सांगू, बोटांना मुंग्या आल्यात आता. तू म्हणतोस तेच बरोबर. तिथली थंडी नाही झेपायची मला."

"काळजी घ्या बाबा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

काकांचं गावचं घर आणि आंब्याची कलमं भावकीत केव्हाच गेली होती. त्यानंतर ते गावी पाय ठेवायला गेले नाहीत. हे मला त्यांनीच सांगितलं होतं, आणि निलेशला तर माझ्याआधीपासून ठाऊक होतं. आदल्या मे महिन्यात आम्ही दोघं बोरिवलीतच बसून बाजारचे आंबे चोखत होतो.

काकांनी हात बाहेर काढला नाही. हिराबाईनं या वेळी त्यांना हाकललं नाही. हातालगतची पापलेटं तिनं उचलून पलीकडे ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागली.

घरी येताना मला राहवेना. त्या घरात मी त्यांच्या मुलाच्या पलंगावर झोपत होतो, त्याच्या टेबलावर माझी पुस्तकं होती. मला त्या मुलाचा राग आला होता आणि काकांचाही.

"काका, एवढी वर्षं तयारी केलीत. उन्हाळा तुमच्या लक्षातच आला नाही?"

ते बांगड्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "पंख्याच्या कारखान्यात आयुष्य गेलं माझं. उन्हाळा मला कळत नाही होय रे?"

मग सोसायटीच्या फाटकापाशी ते थांबले. "थंडी बरी होती," ते म्हणाले. "तिच्यावर काहीतरी करता तरी येत होतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तयार होऊन बसलो. ते उठले नाहीत. नंतर केव्हातरी त्यांनी हातमोजे वॉचमनला दिले. तो त्यात गरम चहाची किटली धरतो. बाकीचे थर नेप्थलीनच्या गोळ्या घालून ट्रंकेत गेले. हॉलमधला फॅन पुन्हा फॅनसारखा चालू लागला.

मे महिन्यात एका दुपारी काका बाजारातून आंब्यांची करंडी घेऊन आले. मला म्हणाले, "मोबाईल घे आणि खाली चल." आमच्या सोसायटीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, एक रायवळ आंब्याचं झाड आहे. त्याला फळ धरत नाही. काका त्याच्याखाली पंचा खांद्यावर टाकून, करंडी पोटाशी धरून उभे राहिले. उन्हानं त्यांचे डोळे बारीक झाले होते.

"फोटो निलेशला पाठवायचाय. टाकी येऊ देऊ नकोस हं. आणि ती भिंत पण नको."

मी वाकून, सरकून, भिंत चुकवली. टाकीही चुकवली. फक्त झाड, काका आणि आंबे.

"घाम दिसता रे?"

"दिसतोय काका. पुसता का?"

त्यांनी मानेनंच नको म्हटलं. करंडी त्यांनी पोटाशी आणखी घट्ट धरली.

"असांदे," ते म्हणाले. "गावाक पण उकाडो असताच."