चारशेच्या आत

संध्याकाळी सातला लक्ष्मण भोयेंनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि त्यांना बरं वाटलं. तीनशे दहा कॅलरी. चारशेला नव्वद कमी, म्हणजे सुरजचा फोन नक्की येणार. त्यांनी चहाचं आधण ठेवलं, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि फोन मांडीवर घेऊन बसले.

तीस वर्षं एसटी चालवून रिटायर झालेला हा माणूस. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगा सुरज ठाण्यात. जव्हारच्या दोन खोल्यांत आता ते आणि टीव्ही. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, तसं सुरजने पार्सल पाठवून दिलं. त्यात दोन बॅटी, भोकाभोकांचे चार प्लास्टिकचे बॉल आणि हे घड्याळ.

"पप्पा, पिकलबॉल खेळा. आमच्या सोसायटीत सगळे खेळतात. तासाला चारशे कॅलरी जळतात. घड्याळात सिम घातलंय, आकडा थेट माझ्या फोनवर येतो. चार्जिंग आठवडाभर पुरतं. आणि काढून ठेवलंत तरी मला कळतं हां."

दुसरी बॅट कोणाच्या हातात द्यायची, ते पार्सलात लिहिलेलं नव्हतं. डेपोतला एक सोबती नाशिकला मुलीकडे गेलेला, दुसऱ्याचे गुडघे गेलेले. शेवटी लक्ष्मणराव भिंतीशी खेळले. भिंत बॉल परत द्यायची, पण "बस जरा, चहा घेऊ" असं काही म्हणायची नाही. चार दिवसांत त्यांना कंटाळा आला आणि आकडा दीडशेवर घसरला. त्या संध्याकाळी सुरजचा फोन आला. दहा मिनिटं तो ओरडत होता आणि हे खुशीत ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मन लावून चारशे वीस केले, तर फोन नाही, मेसेजमध्ये नुसता अंगठा.

गोम लक्षात यायला वेळ लागला नाही. चारशेच्या वर अंगठा, चारशेच्या आत सुरज. स्वतःहून फोन लावावा तर "मीटिंगमध्ये आहे पप्पा, करतो" एवढंच. तेव्हापासून लक्ष्मणराव फार जपून चालायला लागले.

अडचण यायची ती बाजारच्या दिवशी. बाजार फिरून आलं की आकडा चारशेपार. म्हणून एका बाजारच्या दिवशी सकाळी भांडी घासायला कोंडी आली, तशी त्यांनी तिच्या हातात घड्याळ बांधायला घेतलं.

"हे काय मामा?"

"मी बाजारातून येईपर्यंत राहू दे हातात. भिजलं तरी चालतं."

"तुमी का नाय बांधत?"

"मला चालायचंय. तू बसून असणार. बसलेल्या माणसाचं काय जळतंय?"

कोंडीने त्यांच्याकडे बघितलं, मग भांड्यांच्या ढिगाकडे बघितलं आणि हात पुढे केला.

ते परत आले तेव्हा दाराला कडी होती. भांडी पालथी, कोंडी नाही आणि घड्याळही नाही. शेजारच्या चंद्रकलाबाई म्हणाल्या, "तिच्या भावाचा निरोप आला ना. तिच्या गावाला, पोशेऱ्याला, भाताची रोपं लावायची आवणी सुरू झाली. दुपारच्या गाडीने गेली. आठ दिवस काही येत नाही म्हणाली."

कोंडीचा फोन बंद होता. संध्याकाळी लक्ष्मणरावांनी आपल्या फोनवर आकडा बघितला आणि चष्मा पुसून पुन्हा बघितला. अर्ध्या दिवसाचे चौदाशे. सुरजचे तीन अंगठे आले. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीसशे. तिसऱ्या दिवशी तीन हजार शंभर, आणि पहाटे पाचपासून.

"पप्पा, एक नंबर. ग्रुपवर टाकलं. कोणाचा विश्वास बसत नाहीये," सुरजने लिहिलं. खाली आणखी एक ओळ, "पाणी पीत जा."

फोन मात्र आला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. लक्ष्मणराव रोज सातला चहा टाकायचे आणि गार झाल्यावर प्यायचे. पोरगा ठाण्यात बापाचं कौतुक करत फिरत होता आणि इकडे बापाच्या तोंडून दिवसभरात एक शब्द निघत नव्हता. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला "अगं, जरा हळू बोल" असं सांगितलं आणि स्वतःचा आवाज ऐकून दचकले.

चौथ्या दिवशी सकाळी निरोप आला, "रविवारी आम्ही सहा जण येतोय. मॅच लावू. संध्याकाळी परत निघू."

'येतोय' हा शब्द त्यांनी तीनदा वाचला. 'मॅच' हा शब्द त्यांना त्यानंतर दिसला आणि घाम फुटला. पोरगा दोन वर्षांनी येणार आणि बाप खोटारडा निघणार. पिशवी खांद्याला लावून त्यांनी पोशेऱ्याची पहिली गाडी पकडली. घड्याळ घ्यायचं आणि तीनच्या गाडीने परत फिरायचं, असा बेत होता.

कोंडी गुडघाभर चिखलात वाकलेली होती. "बरं झालं आलात मामा. तुमचं घड्याळ लई त्रास देतंय. मधेच हातावर गुरगुरतं. भाऊ वाचून सांगतो, 'उठा, थोडं चाला' म्हणतंय. मी उजाडल्यापासून उभी हाय, त्याला दिसत नाय का?"

"अगं, तुझ्या हातावर तीन हजार झाले."

"कसले?"

"कॅलरी. आपण खातो ना, ते जळतं, त्याचा हिशोब."

कोंडीने जरा विचार केला. "एवढं खाल्लंच कुठं मी?"

लक्ष्मणरावांनी चपला बांधावर काढल्या. ते म्हणाले, "ठाण्यात लोक हेच जाळायला पैसे भरतात."

"मग हिकडं पाठवा त्यांना. आमाला एक माणूस कमी पडतोय."

एक माणूस म्हणजे कोण, हे लक्ष्मणरावांना कळलं. घड्याळ मनगटावर बांधून त्यांनी पँट गुडघ्यावर दुमडली. विशीपर्यंत त्यांनीही आवणी केली होती, पण आता रोपांची ओळ वाकडी जात होती.

"ड्रायव्हर, घाट नाय हाय हा," कोंडीची आई बाळी बांधावरून म्हणाली. "सरळ घ्या."

बायका हसल्या. लक्ष्मणरावही हसले. दोन वर्षांत त्यांची कोणी चेष्टाच केली नव्हती. तीनची गाडी निघून गेल्याचं त्यांना पाचला कळलं. बाळीने भाकरी वाढली, झोपायला घोंगडी दिली आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ते पुन्हा भाताच्या खाचरात उतरले.

त्यांचा वेग बेताचाच. दुपारपर्यंत आकडा जेमतेम दोनशे. बांधावर बाळीच्या पिशवीत फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. लक्ष्मणरावांचे हात चिखलात, म्हणून बाळीनेच तो त्यांच्या कानाला लावला.

"पप्पा, काय झालं? तीन हजारांवरून एकदम दोनशे? बरे आहात ना?"

"बरा आहे. पोशेऱ्याला आवणी करतोय. ते तीन हजार कोंडीचे होते. हे दोनशे माझे."

"कोण कोंडी?"

"आपल्याकडे भांडी घासते. दोन वर्षं झाली."

"आणि पिकलबॉल?"

"खेळतच नाही मी. चारशेच्या वर गेलं की तू फोन करत नाहीस, म्हणून आकडा खाली ठेवायचो. तू ओरडलास तरी घरात कोणी बोलतंय असं वाटायचं रे. फार एकटं वाटतं मला."

 फोन बंद पडला की काय म्हणून बाळीने तो कानावरून काढून बघितला आणि परत लावला.

"पप्पा," सुरज हळू म्हणाला, "मी उद्या पोशेऱ्याला येतो."

"सहा जण?" कोंडीने मागून विचारलं. मामांनी सांगितलेलं मॅचचं तिच्या लक्षात होतं, आणि उरलेलं खाचर बघून तिचा चेहरा उजळला होता.

रविवारी पहिल्या गाडीने सुरज एकटाच उतरला. चिखलाचं नाव ऐकल्यावर बाकी पाच जणांना अचानक कामं निघाली होती. त्याने बूट काढले, पँट दुमडली आणि बापाच्या शेजारी उभा राहिला. त्याची ओळ बापापेक्षा वाकडी होती. बाळी त्यालाही बोलली. लक्ष्मणराव मधेमधे त्याचं रोप उपटून नीट खोचून द्यायचे आणि तो "हं" म्हणायचा.

दोन वाजता सुरजने कंबर सरळ केली. "पप्पा, परतीची गाडी कितीला आहे? उद्या ऑफिस आहे माझं."

या रस्त्याचं वेळापत्रक लक्ष्मणरावांना तीस वर्षं तोंडपाठ होतं. त्यांनी रोपांची नवी मूठ उचलली आणि मान वर न करता म्हणाले, "रविवारी नसते."

कोंडीने एकदा मामांकडे बघितलं. तीनला खालच्या रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, तेव्हा तिने मोठ्या आवाजात आवणीचं गाणं धरलं, आणि सगळ्या बायका तिच्यामागून म्हणायला लागल्या.