आप्पांचा आपोआप पियानो

तेरखेड्यात फटाक्यांच्या कारखान्याच्या दारात खिसे तपासतात, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. वसंतआप्पा मात्र स्वतःच्या घराच्या दारात तपासतात. "काडीपेटी? लायटर? गुरुजी, मागचा खिसा राहिला."

मी त्यांचा शेजारी. विडीसुद्धा ओढत नाही, तरी दर वेळी खिसे उलटे करूनच आत जातो. कारण आत कागद आहे. कचेरीतून निवृत्त झाल्यावर आप्पांनी हैदराबादेहून दोन जुने पियानो टेम्पोत घालून आणले. एक वाजतो, दुसरा त्याला सुटे भाग पुरवतो. या दोघांपायी आप्पांची खाट स्वैपाकघरात गेली.

वाजणारा पियानो आपोआप वाजतो. भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी चढवायची, मोटार सुरू करायची. भोकांतून रबरी नळ्यांत हवा ओढली जाते आणि पट्ट्या खाली-वर होतात. नुसते सूर नाहीत, ज्याच्या वाजवण्यावरून ही भोकं पाडली त्या मूळ वादकाचा हात कुठं हलका पडला, कुठं जड, तेही उमटतं.

आप्पा कायम धास्तावलेले. उन्हाळ्यात लाकूड तडकेल, पावसाळ्यात कागद फुगेल, उंदीर नळ्या खातील. गप्पा रंगात आल्या की हात वर करतात, "थांबा! हवा गेली का कुठं?"

गेल्या वर्षी त्यांची लाडकी गुंडाळी कडेनं फाटू लागली. तिच्यावरून नवी कापून घ्यायला त्यांनी ती परदेशी पाठवली आणि त्यांचं जेवणावरून लक्षच उडालं. "गुरुजी, विमानात उंदीर असत्यात का हो?"

नवी गुंडाळी आली, तर आप्पा खोकं उघडेनात. "चुकीची निघाली तर?"

शेवटी मीच उघडलं. त्यांनी कागद चढवला. सूर सुरू झाले आणि मध्येच खर्जाच्या पट्ट्या मुक्या झाल्या.

"गेली! हवा गेली!" आप्पांचा चेहरा पांढराफटक. "गुरुजी, खाली घुसा. माझे गुडघे वाकत न्हायत."

मी पियानोच्या पोटाखाली आडवा झालो. रबराची एक नळी चिरली होती. ती चीर मुठीत गच्च आवळली, तसे सूर परत आले.

"सोडू नका! संपस्तवर सोडू नका!"

तिथून मला फक्त आप्पांचे पाय आणि पियानोपुढचा बाक दिसत होता. आप्पा बाकाच्या अगदी टोकाला बसले होते. अर्ध्याहून जास्त बाक मोकळा.

"आप्पा, पडाल. नीट मधी बसा की!"

"न्हाय, असू द्या."

"का पण?"

आप्पांचे पाय आणखी कडेला सरकले. मग आप्पा हळूच म्हणाले, "वाजवणाऱ्याला जागा नको व्हय? तो जाऊन लई वर्षं झाली, ठाऊक हाय मला. पण पट्ट्या दबताना दिसत्यात ना. घरात दुसऱ्या कुणाचा तरी हात हलतोय, असं वाटतं."

गुंडाळी संपली. मोटार घरघरत राहिली.

"अजून एकदा लावू का?" त्यांनी भीत भीत विचारलं.

माझा हात पार बधिर झाला होता.

"लावा," मी म्हणालो.