हौसाक्का आणि 'आय ॲम गुड'

आमच्या शेजारच्या हौसाक्कांनी "बरं हाय न्हवं?" असं विचारलं, तर "बरं आहे" म्हणून सुटायचं नाही. लगेच म्हणतात, "जीभ दाव." भर रस्त्यात! एकदा विश्रामबागच्या चौकात त्यांनी बँकेच्या साहेबाला जीभ काढायला लावली होती. आणि साहेबानं काढली, हे विशेष.

माहेर कराडजवळच्या मलकापूरचं, सांगलीत येऊन जन्म गेला तरी बोलणं तिकडचंच. विश्वास कशावर म्हणून नाही. दूध बोटावर घेऊन बघणार, नारळ तीनदा हलवणार. बातम्यांत पाऊस येणार म्हणाले, तर टीव्हीला विचारणार, "तू बघून आलास व्हय?" आणि शेवटी मला, "वैनी, कुठंतरी पाणी मुरतंय."

तर अशा हौसाक्कांच्या माडीवर अदिती भाड्यानं राहायला आली. बेंगळुरूत वाढलेली मराठी मुलगी, इथल्या कॉलेजात शिकवायला लागली होती. पहिल्याच दिवशी हौसाक्कांनी चहा विचारला. ती हसून म्हणाली, "आय ॲम गुड, आजी."

हौसाक्का तडक माझ्याकडे. "आवं वैनी, मी च्या इचारला, तर पोरगी म्हंती मी चांगली हाय! चांगल्या माणसाला असं सांगावं लागतं व्हय?"

माझं इंग्रजी नातवंडांच्या मागे बसून उचललेलं. तरी सांगितलं, की अहो, ती 'नको' म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परत हजर. "झोप लागली का इचारलं, तर पुन्ना त्येच. आता झोप बी नको व्हय तिला?"

"तिथं त्याचा अर्थ बरी आहे, असा."

"आन सैपाक येतो का इचारलं, तवा बी त्येच म्हणली!"

"तिथं अर्थ, चांगला येतो."

हौसाक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बहुतेक मीही त्या पोरीला सामील आहे असं वाटलं असावं. "शबुद हाय का कांदा? कशात बी घालायचा?"

बरं, आपल्याकडे पहिलं 'नको' म्हणजे काही नको नसतं. ते म्हणायचंच असतं. समोरच्यानं आग्रह करायचा, आपण आढेवेढे घ्यायचे, मग बशी पुढे येते. हौसाक्का एकदा माडीवर गेल्या. अदितीनं चहा विचारला. ह्या रीतीप्रमाणे "नगं" म्हणाल्या. अदिती म्हणाली, "ओके," आणि गॅसकडे गेलीच नाही! हौसाक्का तासभर कोरड्या घशानं बसून खाली आल्या. "घोटभर च्या वाचवला. साधी न्हाई ही."

तेव्हापासून पाळत सुरू. घरचा फोन येतो का, खानावळीचा डबा रिकामा परततो का, मध्येच डोळे लाल का. मला म्हणायच्या, "हसती लय. इतकं हसणाऱ्या माणसाचं काय खरं नसतं."

मग एका रविवारी अदिती खाली उतरलीच नाही. सकाळचा डबा दारातच होता, आदल्या दिवशीचाही. हौसाक्का मला हाताला धरून वर घेऊन गेल्या. कडी वाजवली. आतून आवाज आला, "आय ॲम गुड, आजी!"

मी म्हटलं, "चला हौसाक्का, नको असेल तिला कुणी. हल्लीच्या मुलींना आवडत नाही असं."

"तुमी जावा," त्या म्हणाल्या, आणि उंबऱ्याशी फतकल मारली. "अदिती, कवाड उघड. न्हाईतर मी हितंच बसते सांजच्यापातुर."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. पोर तापानं फणफणलेली, उभं राहवत नव्हतं. घरी कळवलं नव्हतं. आई-वडील नोकरी सोडून परत चल म्हणतील, ही भीती. हौसाक्कांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं, भाताची पेज केली, आणि चमच्यानं भरवली. रागावल्या नाहीत, टोमणा नाही. मलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

"आजी, मी बरी आहे म्हटलं होतं. तरी तुम्ही गेला का नाहीत?" अदितीनं विचारलं.

हौसाक्का वाटी ढवळत राहिल्या.

"माझी शालन फलटणला दिल्याली. फोनवर दर खेपेला म्हणायची, बरी हाय आई. मी म्हणायची, बरं झालं बाई. आन फोन ठिवायची." चमचा थांबला. "तिच्या मातीला गेले, तवा शेजारच्या बायकांनी सांगितलं, काय सोसत हुती ती."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय आम्ही. मला त्यांचा एक मुलगाच माहीत होता.

मग अदिती भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "आजी, मला बरं वाटत नाहीये. अजिबात नाही. इथं मला कुणीच नाही."

हौसाक्कांनी वाटी खाली ठेवली. पदराला हात पुसले, तिचं डोकं उचलून मांडीवर घेतलं, आणि केसांतून बोटं फिरवत म्हणाल्या, "व्हय बाळा. सांग आता. मी काय फोन ठिवत न्हाई."