बेदियाको डॉक्टर शोधायला मयताला जातात

कुमासीच्या बेदियाकोंनी शेवटी ठरवलं, की डॉक्टर गाठायचा तर मयतालाच. हसा खुशाल! पण माणसाने करावं तरी काय? भर उन्हात थंडी वाजायची, तोंड सुजलेलं, आवाज घोगरा. एका डॉक्टरने मलेरिया म्हटलं, दुसऱ्याने टायफॉइड, तिसऱ्याने नुसतंच "वय झालं, काका." गल्लीतल्या पास्टरने भूत उतरवलं. (भूत गेलं, थंडी राहिली.) बायको टोरांटोला लेकीचं बाळंतपण करायला गेली ती तिकडचीच झाली. फोनवर म्हणायची, "अहो, झोपा जरा कमी काढा!" घरात दुसरा आवाज फ्रिजचा, तोही हल्ली बंद पडला होता.

मग औषधाच्या दुकानदाराला थायरॉइडचा संशय आला. त्यातलं खरं कळणारी गावात एकच बाई, डॉक्टर सेर्वा. तिच्याकडे नंबर लागता लागत नव्हता. आणि एक दिवस चौकातल्या भिंतीवर मयताचं पोस्टर दिसलं. कोकोचे एक म्हातारे व्यापारी वारले होते, आणि शोकाकुल मंडळींत ठळक अक्षरांत : पुतणी, डॉ. सेर्वा!

शनिवारी नेसायला बघितलं तर पाहुण्यांनी मयताला नेसायचं काळं कापड बायकोने नेलेलं. उरलं लाल. लाल म्हणजे अगदी घरचा माणूस, हे बेदियाकोंना काय ठाऊक नव्हतं? पण म्हणाले, "एवढ्या गर्दीत कोण बघतंय!"

सगळ्यांनी बघितलं. मांडवात पाऊल टाकताच दोघांनी धरून त्यांना घरच्यांच्या रांगेत बसवलं.

"डोळे बघा कसे सुजलेत रडून!" मयताची म्हातारी बहीण, सगळ्यांची आत्याबाई, म्हणाली. "कोण रे तू, पोरा?" (पोरगा पेन्शनीत निघालेला.)

"मी खरं तर..." बेदियाकोंचा आवाज फाटला.

"घसासुद्धा बसलाय! आई कुठली तुझी?"

"मांपोंगची."

रांगेतल्या माना वळल्या. "दादाचं गोदाम मांपोंगलाच होतं!" आत्याबाई पुटपुटल्या. "आणि नाक बघा गं याचं!"

आता विधवा उठली. बेदियाकोंना वाटलं, धुलाई होणार. तिने त्यांचा हात हातात घेतला. "गारठलाय हा. शाल आणा कुणीतरी," म्हणाली, आणि शेजारी बसून राहिली. किती वर्षांत कुणी असा हात धरला नव्हता! बेदियाको ढसाढसा रडले, अगदी खरं. न पाहिलेल्या बापासाठी त्यांच्याइतकं कुणीच रडलं नाही.

पलीकडून डॉक्टर सेर्वा टक लावून बघत होती. ती उठली आणि तिने सरळ त्यांच्या गळ्यावर बोटं ठेवली. "गिळा. थंडी वाजते? थकवा येतो? कधीपासून?"

"दोन वर्षं," बेदियाको हुंदक्यात म्हणाले.

"हे दुःख नाही, थायरॉइड आहे. सोमवारी या."

"दुःखच आहे!" आत्याबाई कडाडल्या. "तू डॉक्टर, तुला काय कळतंय!"

सोमवारी रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाली, "तुमचं शरीर आपल्याच ग्रंथीला परकी समजून मारतंय. रोज उपाशीपोटी ही गोळी, आयुष्यभर. घरी आठवण करून द्यायला कोण आहे?"

"गोळीच," बेदियाको म्हणाले.

गोळीने कमाल केली. सूज उतरली, गालफडं दिसायला लागली, आवाज मोकळा झाला. पण घर तेवढंच रिकामं. त्या हाताची आठवण यायची. म्हणून वर्षश्राद्धाला ते आपणहून गेले. म्हटलं, खरं काय ते सांगून टाकू, मग ठेवून घेतलं तर घेतलं.

दारात आत्याबाईच. त्यांनी आपादमस्तक न्याहाळलं. "कोण आपण?"

"मी तोच! दादांचा... म्हणजे मांपोंगचा..." खणखणीत आवाजात बेदियाको म्हणाले.

"हट्! चांगलाच चोर दिसतोस! आमचा मांपोंगचा पोर असा असतो होय? तो गोल तोंडाचा, बोलता बोलता गहिवरायचा बिचारा." त्यांनी डोळे पुसले आणि पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची दाखवली. "त्याची जागा धरून ठेवलीय. पाहुणे तिकडे, मागे."

बेदियाको मागे जाऊन बसले. विधवा वळून वळून दाराकडे बघत होती. शेवटी तिने शेजारणीला विचारलं, "अजून नाही आला का गं तो? तब्येत बरी असेल ना त्याची?"