तीन गोटे आणि एक माठ

अंकिता बँकेच्या ट्रेनिंगसाठी आठवडाभर पुण्याला निघाली, तेव्हा दारात चपला घालता घालता तिने नवऱ्याला पुन्हा एकदा बजावलं, "अहो, आबांना बोलावून घ्या. तीन पोरं तुम्हाला एकट्याला आवरायची नाहीत."

"पोरं सांभाळायची म्हणजे काय डोंगर उचलायचाय?" सयाजी म्हणाला.

सयाजी विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासायचा. कागद पाहिल्याशिवाय कोणाचंही मरण मान्य करायचं नाही, अशी त्याची ख्याती होती. एवढं चोख काम करणाऱ्या माणसाला तीन पोरं म्हणजे किस झाड की पत्ती, असं त्याचं स्वतःबद्दलचं मत होतं. हे मत बनवताना त्याने दुसऱ्या कोणाला विचारलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी करमाळ्याजवळच्या गावातून त्याच्या वडिलांचा, महिपतीआबांचा, फोन आला. "सूनबाई गेली म्हनं. येऊ का मी? पोरांकडं बघतो की."

"नको आबा. हितं लई उकाडा हाय. फ्लॅटमध्ये तुमाला सोसायचं न्हाय," सयाजी म्हणाला. वडिलांशी बोलताना त्याची जीभ आपोआप गावाला जायची.

"बरं," आबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्या 'बरं'मध्ये थोडं काहीतरी अडकलं होतं, पण तेवढ्यात धाकट्या दिगूने आंब्याच्या रसात पाय घातला आणि ते ऐकायचं राहून गेलं.

पुढे दोन दिवस सयाजीची स्कूटर जुळे सोलापूर ते सात रस्ता आणि सात रस्ता ते जुळे सोलापूर अशी घाण्याच्या बैलासारखी फिरली. थोरली लेक उत्कर्षा, तिचा नाचाचा क्लास सकाळी, मधल्या शिवराजचं पोहणं त्याच वेळी आणि चार वर्षांच्या दिग्विजयचा संस्कारवर्ग या दोहोंच्या मध्ये. संस्कारवर्गातून दिगू रोज एक श्लोक आणि एक शिवी शिकून येत असे. श्लोक तो वाटेतच विसरायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिगू उठला तो केसांत च्युइंगम घेऊन. रात्री तोंडात ठेवूनच झोपला होता. सयाजीने खोबरेल लावलं, बर्फ घासला आणि शेवटी कात्री घेतली. कात्री चालवून झाल्यावर दिगूच्या डोक्याच्या मधोमध एवढी मोठी पडीक जमीन तयार झाली, की उत्कर्षाने आपला आरसा उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. "पप्पा, मम्मीला फोटो पाठवू का?" तिने शांतपणे विचारलं.

"आधी तिप्पण्णाकडं जाऊ," सयाजी घाईघाईने म्हणाला.

घालायला धड कपडा नव्हता. नळाला पाणी चार दिवसांआड, त्यामुळे धुण्याचा ढीग कपाटाच्या उंचीला आला होता. सिद्धेश्वराच्या यात्रेत घालायला शिवलेला पांढरा लेंगा-शर्ट तेवढा घडीत होता, तो सयाजीने चढवला. उत्कर्षाला मैत्रिणीकडे सोडलं आणि दोन्ही पोरांना घेऊन त्याने कोपऱ्यावरचं सलून गाठलं.

तिप्पण्णाने दिगूच्या डोक्याकडे बघितलं आणि वस्तरा हातात घेतला. "हे कुणी केलं ओ साहेब?"

"झालंय कसंतरी."

"समदं काढावं लागतंय बघा. गोटा."

दिगूने भोकाड पसरलं. दादाचा पण गोटा केला तरच मी करणार, ही त्याची अट. शिवराज म्हणाला, पप्पांनी केला तर मी करतो. विम्याच्या व्यवहारात भलेभले वकील गुंडाळणारा सयाजी या दोन पक्षकारांपुढे पाचव्या मिनिटाला खुर्चीत जाऊन बसला.

"तुमचं तर निम्मं काम देवानंच करून ठेवलंय की," तिप्पण्णा म्हणाला. पैसे मात्र त्याने पूर्ण घेतले.

तीन गोटे बाहेर पडले. घरातला माठ आदल्या दिवशी शिवराजच्या षटकाराने फुटला होता, म्हणून येताना नवा माठ घेतला. माठ घेतला आणि स्कूटर पंक्चर झाली. ती ढकलताना सयाजीच्या चपलेचा अंगठा तुटला. स्कूटर पंक्चरवाल्याकडे सोडली, चपला डिकीत टाकल्या आणि वरात पायी निघाली. डांबर असं तापलं होतं, की सयाजी खाली मान घालून सावलीचा तुकडा शोधत एकेक पाऊल टाकत होता. अंगावर पांढरे कपडे, पाय अनवाणी, खांद्यावर मातीचा माठ आणि मागे दोन मुंडण केलेली पोरं. त्यांतलं एक अजून हुंदके देत होतं.

गॅलरीत सिद्रामप्पा उभे होते. हे शेजारच्या फ्लॅटमधले निवृत्त हेडमास्तर. त्यांनी हे दृश्य पाहिलं, हातातली चहाची बशी कठड्यावर ठेवली आणि आत वळून बायकोला म्हणाले, "दाक्षायणी, शेजाऱ्यांचे वडील गेले वाटतं गं."

जिन्यात त्यांनी सयाजीला गाठलं आणि नुसता खांद्यावर हात ठेवला. अशा वेळी काही विचारू नये हे त्यांना कळत होतं, पण न विचारून त्यांना राहवतही नव्हतं. "कसं काय ओ एकदम?"

सयाजीने दिगूच्या डोक्यावरून हात फिरवला. "काय सांगू सर. रात्री झोपेतच झालं. सकाळी बघतो तर हाताबाहेर गेलेलं."

"अय्यो. त्रास नाही ना झाला?"

"रडारड झाली थोडी. आता शांत आहे."

"झोपेत म्हणजे पुण्यवान," सिद्रामप्पा म्हणाले. सयाजीला यातलं पुण्य कळलं नाही, पण माठ खांद्याला रुतत होता, म्हणून त्याने मान हलवली आणि घर गाठलं.

संध्याकाळी दाक्षायणीकाकू पिठलं आणि ज्वारीच्या भाकरी घेऊन आल्या. "चूल पेटवू नका हं आता. आम्ही आहोत," त्या पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या. पाठोपाठ खालच्या मजल्यावरून आणखी एक पिठलं आलं, समोरच्या इमारतीतून तिसरं. बायको गावाला गेलेल्या पुरुषाचे हाल बघून शेजाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, हे पाहून सयाजीला भरून आलं. आपण किती सोसतोय याची कोणीतरी दखल घेतली होती. तो तिन्ही पिठल्यांना न्याय देत बसला आणि काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. बिचारा दुःख गिळतोय, असं त्यांनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं.

अंकिताचा फोन आला तेव्हा सयाजी तिसरी भाकरी मोडत होता.

"स्वयंपाक केलात?"

"पिठलं-भाकरी," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. "सगळं व्यवस्थित आहे. तू उगीच घाबरत होतीस."

फोन बंद करून त्याने बाजूला ठेवला. दिगूने तो उचलून बराच वेळ गेम खेळला. "पप्पा, फोन तापला," तो म्हणाला. सयाजी पेंगत 'हं' म्हणाला. तेव्हा दिगूने, घरात गार करायची वस्तू जिथे ठेवतात तिथे, म्हणजे नव्या माठात, तो फोन नेऊन सोडला.

त्यामुळे सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सिद्रामप्पांनी हात जोडलेल्या चित्रांसह जे लिहिलं, ते सगळ्यांनी वाचलं, एक सयाजी सोडून. फोन पसरलेल्या तांदळात वाळत पडला होता. सात रस्त्याच्या क्लासला जायला स्कूटर नव्हती. दुपार कलल्यावर घरातला कचरा घेऊन सयाजी खाली उतरला, तर पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या आणि दहा-बारा माणसं माना खाली घालून बसलेली. टँकरच्या वर्गणीची मीटिंग दिसतेय, असं त्याला वाटलं. वर्गणी त्याने दिली नव्हती. त्यामुळे तोही मान खाली घालून पहिल्याच खुर्चीत बसला.

सिद्रामप्पा उठले. शाळा सुटून वर्षं झाली, तरी समोर माणसं बसलेली दिसली की त्यांचा घसा आपोआप साफ व्हायचा. "फार सज्जन माणूस होते," त्यांनी सुरुवात केली. "शेतात राबले, पण पोराला शिकवलं. कधी कुणाला वाईट शब्द बोलले नाहीत. मुलावर तर जीव होता त्यांचा."

कोणीतरी उसासा टाकला. सयाजीने शेजारच्याला कोपराने हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

शेजारचा माणूस त्याच्याकडे बघतच राहिला. धक्क्याने माणसाचं असं होतं, हे त्याने ऐकलं होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"मी."

सगळ्यांनी वळून पाहिलं. शेवटच्या खुर्चीत फेटा बांधलेला एक म्हातारा पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. अर्ध्या तासापूर्वी तो आला होता. कोणी गावाकडचा भावबंद असेल, म्हणून लोकांनी त्याला पाणी दिलं होतं आणि मयताबद्दल चार चांगले शब्द ऐकवले होते.

"आबा?" सयाजी उभा राहिला. हातातली कचऱ्याची पिशवी तशीच होती.

"व्हय. बस, मास्तरांचं हुंदे. लई चांगलं बोलत्यात," आबा म्हणाले. "मास्तर, तुमी वळखत होता का ओ त्यास्नी?"

सिद्रामप्पांनी खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला. "नाही म्हणजे, तसं नाही. पण पोरावरून अंदाज येतो की ओ."

मग उलगडा झाला. दाक्षायणीकाकूंनी सकाळीच अंकिताला सांत्वनाचा निरोप पाठवला होता. सयाजीचा फोन लागेना, तेव्हा ती घाबरून गेली आणि तिने थेट गावाला फोन केला. फोन आबांनीच उचलला.

"पोरगी रडत हुती," आबा सांगत होते. "म्हनली, कोन बोलतंय? आबा कसे गेले? म्हनलं, अजून गेलो न्हाय, पन आता जातो. हितं काय चाललंय त्ये बघाय पायजे की. तिला म्हनलं, कुनाला काय बोलू नगंस."

लोक हसले. खुर्च्या हलल्या. कोणीतरी चहा सांगितला. सयाजीने गोट्यावरून हात फिरवत च्युइंगमची हकीकत सांगितली, माठाची सांगितली, चपलेची सांगितली, आणि प्रत्येक वाक्यागणिक आपण जास्त मूर्ख ठरतोय हे त्याला स्वच्छ दिसत होतं. आयुष्यभर लोकांच्या मरणाचे कागद तपासले, आणि घरच्या मरणाचं पिठलं मात्र कागद न बघता तीन घरांचं खाल्लं.

जिना चढताना त्याने आबांची पिशवी घेतली. पहिल्या मजल्यावर दम खायला आबा थांबले आणि सहज बोलल्यासारखे म्हणाले, "जित्यापनी येऊ का म्हनलं तर नगं म्हनलास. मेलो म्हनून यायला मिळालं."

ते वाईट वाटून बोलले नव्हते, म्हणून सयाजीला जास्तच लागलं. उकाडा वगैरे सगळं निमित्त होतं. मला एकट्याला जमतं, एवढं दाखवायला त्याने म्हाताऱ्याला नातवंडांपासून लांब ठेवलं होतं.

"आबा, चुकलं माझं," तो म्हणाला. "आता शाळा सुरू होईपर्यंत हितंच राहा."

"मी राहीन. पन तुझी आय तिकडं एकलीच हाय."

"तिलापण बोलवू की."

त्या रात्री आबांनी पोरांना गच्चीवर नेलं. तिघंही कोणी न सांगता झोपली. श्लोक आणि शिव्या दोन्हीत आबा दिगूच्या पुढे निघाले, त्यामुळे तिथेही शिस्त आली. आईला बोलवायला दाक्षायणीकाकूंच्या फोनवरून गावी निरोप गेला. सकाळी सयाजीने तांदळातून फोन काढला. तो मेलेलाच होता. त्या मरणाबद्दल मात्र कोणाला शंका नव्हती.

"तुमची डोकी लई गार दिसत्यात रं," चहा पिताना आबा म्हणाले. ते शिवराजला घेऊन कोपऱ्यावर गेले आणि तासाभराने हातात फेटा घेऊन परत आले. मग गॅलरीत उघड्या डोक्याने वारा घेत उभे राहिले.

शेजारची खिडकी उघडली. थोड्या वेळाने ती हळूच लागली.

दुपारी दारावरची बेल वाजली. बाहेर सिद्रामप्पा मान खाली घालून उभे होते आणि दाक्षायणीकाकूंच्या हातात झाकलेलं पातेलं होतं. काकूंचे डोळे लाल होते. "कालच तर तुम्ही म्हणत होता, आईंना बोलवायचंय," त्या कशाबशा म्हणाल्या. "असं कसं ओ झालं?"

आबांचा गोटा सयाजीच्या मागे चकाकत होता. सगळं सांगायला सयाजीने तोंड उघडलं, तेवढ्यात खाली रिक्षा थांबली आणि जिन्यातून खणखणीत आवाज आला.

"सयाजी, पिशव्या घ्याया कुनी येतंय का न्हाय? का मीच मरू वझं वढत?"

काकूंनी कठड्यावरून वाकून पाहिलं. सयाजीच्या आई सारजाबाई कुरडयांचा डबा काखेत धरून वर बघत होत्या. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने कठड्याकडे पाहिलं. मग दोघांनी पातेल्याकडे पाहिलं.

"मग आता हे..." काकू पातेलं मागे घेत म्हणाल्या.

सयाजीने ते अलगद त्यांच्या हातातून काढून घेतलं. पिठलंच होतं, अजून गरम होतं.

"राहू द्या काकू," तो म्हणाला. "आई दमून आली आहे."